हेलियमची वर वळलेली रेषा

सर, तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली आणि उद्या विभागात तुमच्या फोटोचं अनावरण आहे. माजी विद्यार्थिनी म्हणून चार शब्द बोलायला मला बोलावलंय. बोलावणाऱ्यांना जुनं काही ठाऊक नाही. मी इतक्या पटकन हो म्हटलं की फोनवरची मुलगी गडबडलीच. मी एक आलेख दाखवणार आहे, तुमच्या हार घातलेल्या फोटोच्या शेजारी, भिंतभर मोठा.

तुमच्या प्रयोगशाळेची रीत होती. सिनिअरच्या जर्नलवरून आधी पेन्सिलीनं रेषा काढायची, मग रीडिंग घ्यायची. बिंदू रेषेबाहेर गेला तर चूक बिंदूची. आम्ही सगळे तसंच करून भरपूर मार्क मिळवत होतो. पीएचडीच्या नोंदणीआधी तुम्हीच मला काम दिलंत: निष्क्रिय वायू पाण्यात किती विरघळतात आणि पाणी तापलं की त्यात काय फरक पडतो ते बघ. अरगॉन तुमच्या म्हणण्याप्रमाणे वागलं, पाणी तापेल तसं कमी कमी विरघळत गेलं. हेलियम मात्र तीस अंशांच्या आसपास खाली टेकलं आणि पुन्हा वाढायला लागलं. मे महिना, पंखा बंद, कारण वाऱ्यानं पाण्याचं तापमान हलायचं. घाम पुसत मी चारदा प्रयोग केला. चौथ्यांदा रेषा न काढता नुसते बिंदू मांडले आणि कागद तुमच्यासमोर ठेवला.

तुम्ही सगळ्या बॅचला जवळ बोलावलंत. "सोडा तापला की गॅस उडतो का बसतो?" उडतो, सगळे म्हणाले. "मग हिच्या हेलियमला येगळा कायदा हाय व्हय? पोरी, रीडिंग घेता येत नाय तर नाय म्हण. लई हुशारी कशाला?" मुलं हसली. तुम्ही माझ्या हातात खोडरबर दिलंत आणि म्हणालात, "पूस." मी सगळ्यांसमोर पाच बिंदू पुसते आहे आणि माझे कान तापलेत, हे मला आजही जसंच्या तसं दिसतं. तेवढ्यावर तुमचं भागलं नाही. नोंदणीच्या कागदावर तुम्ही लिहिलंत की हिच्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही. नोंदणी गेली. इकडे सोयगावच्या बाजारात बाबांनी सांगून ठेवलं होतं की पोरगी डॉक्टर होणार, सुई टोचणारी नव्हे, कॉलेजातली. "यंदा नाय, पुढल्या वर्षी होईल," असं ते जाईपर्यंत लोकांना सांगत राहिले. याची माफी तुम्हाला नाही.

आणि हेलियम खरंच तसं वागतं, सर. दोन वर्षांनी ग्रंथालयात मला छापील आलेख सापडला. या सगळ्याच वायूंची रेषा कुठंतरी वर वळते. अरगॉनला त्यासाठी पाणी खूप तापवावं लागतं, हेलियमला आपल्याकडचा उन्हाळा पुरतो. तो कागद घेऊन मी तुमच्या दारात आले, तुम्ही चष्मासुद्धा न लावता तो परत दिलात. तेव्हापासून चारचौघांत तुमची जिरवायची मी वाट बघत होते, तर तुम्ही आधीच मरून मोकळे झालात.

आज सकाळी पुंडलिकनगरच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुनी वही काढून माझे आकडे त्या छापील रेषेशेजारी मांडले. माझी रेषा फारच उंच जात होती. कुकर लावायचा राहिला, मी दुपारपर्यंत हिशेब तपासत बसले. पाण्यातून काढलेला वायू मी गरम नळीत मोजला होता आणि त्यात मिसळलेली पाण्याची वाफ वजाच केली नव्हती. अकरावीच्या पोरांना मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवते. वाफ वजा केली तरी रेषा वर वळतेच, पण अगदी जराशी. म्हणजे हेलियमबद्दल तुम्ही चुकलात आणि माझ्या रीडिंगबद्दल बरोबर होतात. वही उघडून बघितली असतीत तर चूक दहा मिनिटांत सापडली असती, आणि कदाचित आपल्या दोघांचं नाव झालं असतं. तुम्ही उघडली नाहीत, म्हणून माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये. तुम्हाला एकट्यालाच सांगते, उद्या मी जुनेच बिंदू दाखवणार आहे. वाफेचं कुणाला सांगणार नाही.