चार बोटं उजवीकडे

सोमवार, १ सप्टेंबर २०२५. सकाळी ५.४०
नवी वही. ही कुणी वाचायची नाही. तरी अक्षर सुवाच्य ठेवणार. अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते, सवय सुटत नाही.

नागपूरच्या एका कलादालनाने चित्रं मागवली आहेत. दोघांनी मिळून, एकाच कॅनव्हासवर काढलेली. तीन विषय: सौंदर्य, भीती, आशा. मुदत १५ ऑक्टोबर. याआधी मी एकटीने पाच वेळा पाठवलं. 'प्रतापगडावरील सूर्यास्त' पाचही वेळा परत आला. या लोकांना एकट्या माणसाची कदर नाही. यंदा अट जोडीची आहे, म्हणून जोडी.

जोडीदार दुर्गेश्वरी पटले. माझ्याच शाळेत शिवणकाम शिकवायची. आता फुलचूरला माझ्यापासून चौथं घर. नवरा वारला, मुलगी नीतू रायपूरला. चित्रकलेचं शिक्षण शून्य. मी बी.ए. आणि इंटरमीजिएट ड्रॉइंग पास. तिला संधी मिळावी एवढाच हेतू. विचारलं तर म्हणाली, मॅडम, मले कुठं येते चित्र. मी म्हटलं, मी आहे ना. तिने माझ्याकडे बघितलं. मग हॉलकडे बघितलं, तिथल्या एकुलत्या खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाली, बरं, येतो सहा वाजता. आभार मानायला शब्द सुचले नसावेत.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
शिक्षक दिन. कुणाचा फोन नाही. नेटवर्क खराब.

कामाची पद्धत ठरवली. कॅनव्हास हॉलच्या भिंतीला. वरच्या खिळ्यापासून दोरी सोडली आणि ती सरळ राहावी म्हणून खाली शाळेच्या जुन्या कपाटाचं कुलूप लटकवलं. टेपने मोजून बरोबर मधोमध. डावा भाग माझा, उजवा तिचा. नियम लिहून लावले. एक, सहा म्हणजे सहा. दोन, दुसऱ्याच्या भागात ब्रश न्यायचा नाही. तीन, दुसऱ्याच्या कामावर शेरे मारायचे नाहीत. तिसरा मला लागू नाही. मी शेरे मारत नाही, दुरुस्त्या सुचवते.

सात वाजता चहा. टवका उडालेला निळा कप माझा, पांढरा तिचा. ती चहा पिताना फार बोलते. कुणाची सून, कुणाचा बैल. मी ऐकून घेते. कलावंताला विसावा लागतो.

रविवार, १४ सप्टेंबर
सौंदर्य जोरात. माझ्या भागात उगवता सूर्य, कमळं, देऊळ, धबधबा, रांगोळी आणि सारसाची जोडी. दुर्गेश्वरीच्या भागात तारेवर वाळत घातलेलं जुनं लुगडं, त्याला रफू केलेला. सौंदर्य म्हणून रफू. मी सुचवलं, निदान मागे एखादा मोर घे. म्हणाली, घेतो पुढं. घेतला नाही.

अडचण: सारसाची मान लांब, जागा अपुरी. मान कापता येत नाही. ती गेल्यावर दोरी चार बोटं उजवीकडे घेतली. चार बोटं म्हणजे काहीच नाही. कंपोझिशनची गरज होती.

बाबांची आठवण झाली. दरवर्षी रोवणीच्या आधी ते स्वतः कुदळ घेऊन धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, नीट करायचे. शेजारचे चुन्नीलालकाका कुरकुर करायचे की तुमची बांधी रुंद होऊन राहिली. वीस वर्षांत झालीही असेल. पाण्याने होतं तसं.

सोमवार, २२ सप्टेंबर
सौंदर्य पूर्ण. फ्रेमवाला दुलीचंद माप घ्यायला आला. सारसांकडे बघून विचारलं, मॅडम, बदक हैं क्या. मग पाच मिनिटं रफूसमोर उभा. म्हणाला, मेरी माँ का ऐसाच था. सामान्य माणसाला ओळखीची वस्तू दिसली की पुरे. कला वेगळी.

दुर्गेश्वरीने लुगड्याचा काठ दोरीपाशी आणून थांबवला होता. चार बोटं काठ माझ्या कमळांखाली गेला. तिच्या लक्षात आलेलं नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा
दुर्गेश्वरी सोनं द्यायला आली. नमस्कार करून सांगितलं की नीतूला दिवस गेले आहेत, दिवाळी झाली की रायपूरला जाणार, कायमची. घर भाड्याने देणार. मी म्हटलं, चांगलं आहे. असं सगळेच म्हणतात. लेकीकडे पंधरा दिवसांवर कुणाचं जमलेलं नाही. जानेवारीपासून दर महिन्याला एक जोडचित्र, असं २०२६चं वेळापत्रक करून तिच्या हातात दिलं. तिने घडी करून पिशवीत ठेवलं. म्हणजे मान्य.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
भीती सुरू. हा विषय मला जड नाही, कारण मला भीती वाटत नाही. टीव्ही दिवसभर सुरू असतो तो बातम्यांसाठी.

कॅलेंडर समोर ठेवून वाघ काढला. नागझिऱ्याचा. जबडा उत्तम. दुर्गेश्वरीने काय काढावं? स्वयंपाकघराचा ओटा. त्यावर दोन कप. निळा सरळ, पांढरा पालथा. बाकी काही नाही, सगळा रिकामा ओटा. मी विचारलं, यात भ्यायचं काय. ती म्हणाली, काही नाही मॅडम, असंच. मी सुचवलं की एका कपातून साप निघताना दाखव. ती हसली.

निळ्या कपाला टवका दाखवला आहे. बारकावा बरा आहे. पण चित्र बघवत नाही. रंग फार फिके, म्हणून.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
वाघाला शेपटी लागतेच. दोरी वीतभर उजवीकडे घ्यावी लागली. शेपटी जाड काढली. निळा कप पूर्ण गेला, पालथा निम्मा राहिला. चित्र आता भीतीदायक वाटतं. आधी नुसतंच कसंतरी वाटत होतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर
दुर्गेश्वरी आली, चपला काढल्या, भिंतीसमोर उभी राहिली. ब्रश घेतला नाही. मग म्हणाली, मॅडम, तुमी धुरा कोरून राहिल्या. आवाज चढवला नाही. मी म्हटलं, शेपटीचा प्रश्न होता. ती म्हणाली, पहिल्या चित्रातबी कोरला होता, मले दिसला होता. माह्या माहेरी तीन पिढ्या धुऱ्याच्या कोर्टात गेल्या, मले चार बोटंबी दिसते. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस. ती म्हणाली, बोलून काय करू, तुमी आनंदात होत्या.

चहा घेतला नाही. उशीर होतो म्हणाली. पावणेसात वाजले होते.

तिसरा नियम मोडला, याची नोंद करून ठेवते.

सोमवार, १३ ऑक्टोबर
काल आली नाही. आजही नाही. दोन दिवसांनी मुदत. आशा एकटीने रेटते आहे. सूर्य (मोठा), शाळेची मुलं, झेंडा, कबुतरं, पिकलेलं धान. आशेत विकास हवा, म्हणून तिरोड्याच्या वीजकेंद्राची धुराडी घेतली. दुलीचंद फ्रेम घेऊन आला, त्याने विचारलं, मॅडम, अगरबत्ती है क्या. त्याला आता काही दाखवायचं नाही.

चौथ्या घराशी जाऊन हाक मारणं योग्य नाही. मी वयाने मोठी. ती समोरून आली तर एका शब्दाने बोलणार नाही. संध्याकाळी दूध आणायला मुद्दाम तिच्या घरावरून गेले. रस्ता तो जवळचा पडतो. दारात पुठ्ठ्याची खोकी होती.

बुधवार, १५ ऑक्टोबर. दुपारी १
ती आलीच नाही. तिचा भाग कोरा. कोरं पाठवणं म्हणजे जोडीचा अपमान. दोरी काढून ठेवली आणि उजवा भाग तिच्या शैलीत मीच भरला. फिके रंग, एक सुई, एक बंडी. तिच्यापेक्षा तिची शैली मला जास्त जमली. खाली दोघींची नावं घातली. तिची सही हुबेहूब. अकरा वर्षं तिच्या हजेरीवर नजर ठेवली आहे.

तिन्ही चित्रांचे फोटो दुलीचंदच्या मोबाईलवरून रवाना. निवड झाली की मूळ चित्रं पाठवायची. निकाल ५ नोव्हेंबर. नागपूरला दोघींनी सारख्या रंगाच्या साड्या नेसाव्यात का, तिला विचारायला हवं.

शनिवार, २५ ऑक्टोबर
दुर्गेश्वरी सकाळी दहाच्या गाडीने गेली. जाताना घरी आली. हातात करंज्यांचा डबा. आशा बघितली. उजवा भाग बघितला. आपली सही बघितली. मला वाटलं बोलेल. तिने दोरीचा खिळा चाचपला आणि म्हणाली, खिळा काढून टाका मॅडम, साडी अडकन. मग पाया पडली. मी सांगितलं, जानेवारीचा विषय धैर्य आहे, तयारी करून ये. ती म्हणाली, तुमी जपून राहा. टीव्ही जरा कमी करा, डोळे जातीन.

ऑटो लांब दिसेनासा होईपर्यंत उभी राहिले. पाय मोकळे करायचे होते.

बुधवार, ५ नोव्हेंबर. सकाळी ११
निकाल. निवड नाही.

पत्रात मायना धड नाही. लिहिलंय की अट दोघांच्या कामाची होती, ही चित्रं एकाच हाताची वाटतात. पुढे आणखी एक वाक्य. दुसऱ्या चित्राच्या उजव्या कडेला जो अरुंद पट्टा आहे, ज्यात अर्धा पालथा कप आहे, तो कुणी काढला आहे? त्या व्यक्तीचा नंबर कृपया कळवावा.

पट्टा. अख्खा वाघ आहे तिथे.

उत्तर द्यायचं नाही. मायना चुकवणाऱ्यांना उत्तर देत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर
उत्तर दिलेलं नाही. दुर्गेश्वरीला फोन करायचा होता, पण ती नव्या घरी मांडामांड करत असेल. तिचा फोन नाही. तिलाही तसंच वाटत असणार. आज भीती नीट बघितली. शेपटीखाली निळा रंग आहे हे फक्त मला माहीत आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
नंबर कळवला. एका ओळीत. 'तो भाग श्रीमती दुर्गेश्वरी पटले यांचा आहे. इतर ठिकाणीही त्यांचा भाग होता.' दुसरं वाक्य खोडलं. मग पुन्हा लिहिलं. पाठवलं.

नागपूरवाले तिला बोलावतील. ती म्हणेल, मॅडमशिवाय मी येणार नाही. त्यामुळे साडीचं बघून ठेवते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
दुर्गेश्वरीचा फोन. बरोबर चहाच्या वेळी. मागे नीतूचा आवाज, भांडी, कुणी तरी छत्तीसगडीत हसत होतं. नागपूरवाल्यांचा फोन आला होता म्हणाली. आणखी चित्रं मागत होते. तिने नाही म्हणून सांगितलं. मी विचारलं, काऊन? 'का' म्हणायचं होतं, तोंडातून तेच निघालं. ती म्हणाली, मले कुठं चित्राचं वेड होतं मॅडम. तुमी सकाळपासून एकट्या बसून राहता, म्हणून येत होतो. आता येणाऱ्या बाळासाठी गोधडी शिवून राहिलो.

असं काही तरी म्हणाली. लाइन नीट नव्हती.

जानेवारीच्या वेळापत्रकाची आठवण करून दिली. ती म्हणाली, करंज्या संपवल्या ना, खवट होतीन. मी म्हटलं, संपवल्या. डबा अजून उघडलेला नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी ६
आशा दुरुस्तीला घेतली. खिळा काढला नव्हता, बरं झालं. दोरी पुन्हा बांधली, टेपने मोजून बरोबर मधोमध, खाली कुलूप. उजव्या भागातली तिच्या शैलीतली सुई आणि बंडी पांढऱ्या रंगाने झाकली. माझा सूर्य दोरीच्या पलीकडे सव्वा हात गेला होता. तोही झाकला. अर्धा झेंडा, दोन मुलं, एक धुराडं. तिची सही शेवटी.

पहिल्या हातानंतर सूर्य खालून पिवळा दिसत होता. दुसरा हात दिला. तरी दिसतो. तिसरा वाळतो आहे. पांढऱ्या रंगाचा डबा संपला.

चुन्नीलालकाका जमीन विकून बालाघाटला गेले त्या वर्षी बाबांनी धुऱ्याला हात लावला नाही. पुढच्या वर्षीही नाही. धुऱ्यावर जाऊन बसायचे. तेव्हा वाटायचं, वय झालं.

सात वाजले. चहा केला. ओट्यावर पांढरा कप पालथा आहे, ती गेली तेव्हापासून. तो सरळ करून ठेवला. जरा वेळ बघितला. मग पुन्हा पालथा घातला. सरळ ठेवला की धूळ बसते.