चालू करवतीपुढे जोडलेले हात

श्रीपाद,

तू सियागंजच्या बाजारातून येशील तेव्हा मी कीर्तनाला गेलेलो असेन. करवतीच्या मोटरचा पट्टा काढून सोबत नेतोय, रागावू नकोस. सकाळी तसबिरीच्या चौकटीसाठी तू पातळ पट्टी कापत होतास. देवळात घंटा झाली आणि तू चालू करवतीपुढे दोन्ही हात जोडलेस! पट्टी उसळून तुझ्या डोळ्याजवळून गेली रे. मी ओरडणार होतो, पण हे वळण लहानपणी मीच लावलं. आता गलती कुणाची म्हणू?

पातळ पट्टी पात्याच्या मोकळ्या बाजूला पडू दे, पातं आणि लाकूड ज्याला टेकवतो ते टेकण, यांच्यामध्ये अडकवू नको. अन् लाकूड हाताऐवजी काठीने सार.

नमस्काराचं काय करावं, ते बुवांना विचारून येतो. ते काहीही म्हणोत, उद्यापासून आरतीच्या वेळी करवत बंद.

दादा