लाल खांब आमचा होता

प्रिय आई,

मी खुशाल आहे. तू पाठवलेले सोडे पोचले. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल इथे, बॅटन रूजच्या ग्रंथालयात, शहराच्या नावावर सभा झाली. आपल्या हूमा जमातीच्या पूर्वजांच्या शिकारीची हद्द दाखवणारा लाल खांब नदीकाठी होता आणि फ्रेंचांनी त्यावरूनच ‘लाल काठी’ अशा अर्थाचे हे नाव ठेवले, हे मी किती सभांत गर्जून सांगितले आहे! पण व्याख्यानाला बोलावले पॅरिसच्या प्राध्यापिकेला. मी तिसऱ्या रांगेत. तिची फ्रेंच इतकी देखणी, की माझा जळफळाट झाला. घरची हीच भाषा बोललो म्हणून इंग्रजी शाळेत मी छड्या खाल्ल्या, तिला टाळ्या!

शेवटी मी उठलोच. "बाई, तो खांब आमचा होता!"

"मग तुम्हीच सांगा ना," ती आनंदाने म्हणाली, "तुमचे पूर्वज त्याला काय म्हणायचे?"

आई, तो शब्द मला ठाऊकच नव्हता. पूर्वजांची बोली कधीच गेली, आपल्याकडे तर फ्रेंचच उरली आहे. तो जुना शब्द तिनेच हळुवारपणे सांगितला.

ओझेलिया आजीला तो आठवतो का, विचार. तिच्याकडून आला तरच मी उच्चारेन.

वाट पाहणारा, तुझा
आल्सीद