काखेतलं फडकं

३ फेब्रुवारी, सोमवार

चाळीस चेंडू मारले. चाळीसही उजवीकडे! निघतात सरळ, मग वाटेत वळतात आणि त्या एकट्या झाडाजवळ पडतात. सोमवारी क्लब सभासदांना बंद, मैदान आम्हा नोकरांचं. बाबा इथे एकतीस वर्षं कॅडी – लोकांच्या बॅगा वाहायच्या, चेंडू कुठे पडला ते सांगायचं. मी त्याच क्लबच्या ऑफिसात कारकून. कॅडींच्या मुलींसाठी गोल्फचा वर्ग काढायचाय मला. पण शिकवणारीचाच चेंडू वाकडा.

बाबा म्हणाले, "पदवी मिळाल्यापासून तुझा खांदा फार पुढे येतो. आधी खांदा फिरतो, मग कोपर अंगापासून सुटतं, काठी बाहेरून येते. चेंडू बिचारा काय करणार?"

चेंडू पुसायच्या फडक्याची घडी करून त्यांनी माझ्या उजव्या काखेत खोचली. "चेंडू जाईपर्यंत पडता कामा नये."

पडलं. दर वेळी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

क्लबच्या मॅनेजरसाहेबांनी तक्रारवही माझ्या टेबलावर ठेवली. '१४ नंबरला चेंडू दिसत नाही.' तीन तक्रारी, तीन वेगळी अक्षरं. १४ हा बाबांच्या बिल्ल्याचा नंबर.

"तुमचे वडील, म्हणून आधी तुम्हाला दाखवतोय. पण चेंडू न दिसणारा कॅडी ठेवून मी करू काय?"

तिथेच उत्तर लिहिलं. दर सोमवारी माझा प्रत्येक चेंडू कुठे पडला ते १४ नंबर अचूक सांगतात, मी स्वतः साक्षीदार आहे. खाली सही. सहीखाली पदवी.

साहेबांनी दोनदा वाचलं. "चोवीस तारखेला येऊन बघतो. तुम्ही मारा, ते सांगतील."

१० फेब्रुवारी, सोमवार

फडकं पडतंच आहे. आई म्हणते, एवढं शिकवलं ते गवत खणायला?

१७ फेब्रुवारी, सोमवार

जमलं. सलग सहा चेंडू सरळ झेंड्याकडे. फडकं काखेतच. आनंदाने मागे वळले.

बाबा कपाळावर हात धरून लांब बघत होते. "उजवीकडेच. झाडाच्या अलीकडे."

सहाही वेळा तेच.

मी म्हटलं, "हो."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चहा ओतताना बाबा कपात बोट धरतात. मला वाटायचं, सवय.

माझी चूक त्यांना पाठ होती, एवढंच. आणि मी त्यावर सही ठोकली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना सांगायला दोनदा उठले, दोनदा खाली बसले. खरं बोलायला धीर लागतो असं मी धाकट्या भावाला किती वेळा ऐकवलंय.

संध्याकाळी बाबांना म्हटलं, डोळे दाखवून येऊ.

"दाखवलेत. मागच्या वर्षी. गेलेलं परत येत नाही म्हणाले." मग म्हणाले, "काम सुटलं की दिवसभर घरात बसून मी काय करू गं?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

साहेब आले. दहा चेंडू मारले. दहाही वेळा मुद्दाम खांदा आधी फिरवला. फडकं पहिल्याच चेंडूला पडलं, उचललं नाही.

"उजवीकडे, झाडाच्या अलीकडे." बाबा दहाही वेळा बरोबर.

साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "लोक काहीही लिहितात हो," म्हणाले आणि गेले.

बाबा माझ्याजवळ आले. काखेत हात घालून बघितलं – रिकामी. मग खाली बसले, दोन्ही हातांनी गवत चाचपत राहिले. मला हलवेना. फडकं सापडलं, झटकलं, माझ्या काखेत खोचलं.

"आता मार. नीट मार."

मारला. फडकं पडलं नाही.

बाबांनी विचारलं, "कुठे गेला?"

"सरळ, बाबा."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ऑफिसात आले. माझ्या टेबलावर फडक्याची घडी. आत १४ नंबरचा बिल्ला.