कॅप्टन झपाटाच्या केपवरचं ठिगळ

३ जून, सकाळी
झालं! मास्तरांची यादी उघडली आणि मी पहिल्याच फटक्यात घुसलो. वर्षातून एकदा मास्तर चाहत्यांना त्यांच्या कॉमिकमधल्या कॅप्टन झपाटाचं चित्र काढून देतात. हातानं, शाईनं, माणशी एकच. मी कसला एकावर थांबतो. मेहुण्याच्या नावानंही नंबर लावून टाकला. त्यानं जन्मात कॉमिक उघडलेलं नाही, म्हणजे ते चित्रही माझंच. याला म्हणतात प्लॅनिंग.

यंदा चाहत्यांच्या मेळाव्यात मास्तर स्वतः येऊन या काढून दिलेल्या चित्रांतलं एक निवडणार. ते नव्या अंकाच्या मागच्या कव्हरवर छापणार. ते माझं असेल. सगळे अंक तोंडपाठ असलेला चाहत्यांच्या ग्रुपवर एकच माणूस आहे, आणि तो स्वतःची टिमकी वाजवत नाही.

४ जून
मास्तरांना मेसेज केला, तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. खाली थोड्या सूचना. बायकोनं वाचल्या आणि विचारलं, घर बांधायला दिलंय का?

मुख्य मुद्दा ठिगळाचा. सातव्या अंकात कॅप्टनची केप फाटते. तेव्हापासून ठिगळ डाव्या खांद्याखाली. मास्तर हल्ली विसरतात. वय झालं.

५ जून
ठराव : मास्तरांना आता अजिबात त्रास द्यायचा नाही. कलावंताला मोकळं सोडावं.

६ जून
केपची लांबी कळवली. हा त्रास नव्हे, माहिती आहे.

११ जून
मागच्या गर्दीत जागा उरलीच तर एखादे सद्गृहस्थ दाखवावेत, असं सुचवलं. कोण, ते मास्तरांनी ठरवावं. सोबत माझे फोटो जोडले. समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि एक कारखान्यातला, खोक्याचं माप घेताना. खोक्यांचा तपासनीस आहे मी, स्टीलची पट्टी खिशात कायम. त्या फोटोत मी फार नैसर्गिक आलोय.

१९ जून
मास्तरांचे मेसेज त्यांच्या पत्नी बघतात. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. वहिनींनी कळवलंय, तुमच्या सूचना मिळाल्या, सगळ्या मिळाल्या, अगदी सगळ्या. किती आस्थेनं वाचतायत!

२३ जून
कच्चं स्केच आलं. पट्टी लावली. केप बोटभर आखूड. कळवलं. नाकाचंही कळवलं. उत्तर नाही. मास्तर कामाला लागले असणार.

५ जुलै
ग्रुपवर दातांच्या डॉक्टरांना मिळालेलं चित्र आलं. वा मास्तर काय, काय ती रेष काय, एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं म्हणे. नुसता वाहवाचा पूर. मी एवढंच लिहिलं की ठिगळ उजवीकडे आहे. नंतर दाढीवाल्या अॅडमिननं खासगीत सुनावलं, जरा कौतुक करायला शिका. अरे, मी कौतुकच करत होतो! चूक सापडायला चित्र नीट बघावं लागतं. पण सांगणार कोणाला? गाढवापुढे वाचली गीता.

८ जुलै
घात झाला. मास्तरांनी काय काढावं, असं वहिनींनी मेहुण्याला विचारलं आणि त्या शहाण्यानं परस्पर उत्तर देऊन टाकलं. म्हणे, तुम्हाला काढावंसं वाटेल ते काढा, हात दुखत असला तर राहू द्या. मास्तरांना असं बोलतात? फोनवर फैलावर घेतला. तर मलाच विचारतो, भावोजी, चित्र त्यांनाच काढायचंय ना? डोकं फिरलं माझं. एक नंबर फुकट गेला.

२० जुलै
दोन्ही चित्रं आली.

माझं सूचनेबरहुकूम. ठिगळ डावीकडे, केप मापात, नाक बिनचूक. गर्दीच नाही, त्यामुळे सद्गृहस्थ नाहीत. कॅप्टन सरळ उभा आहे. बराच वेळ बघत बसलो. सगळं बरोबर आहे. बायको म्हणाली, पासपोर्टचा फोटो काढायला उभा आहे वाटतं. तिला चित्रातलं काय कळतं.

मेहुण्याच्या चित्रात, ज्याला आजवर कोणी पकडू शकलं नाही तो कॅप्टन झपाटा घामाघूम होऊन टेबलाखाली लपलाय. बाहेरून एक चष्मेवाला, किडकिडीत माणूस केप ओढून ओढून पट्टीनं मोजतोय. नवा खलनायक दिसतो. मास्तरांनी चेहरा मात्र फर्मास पकडलाय. असतात अशी चिकट माणसं. बायको चित्र बघून स्वयंपाकघरात पळाली ती डोळे पुसतच बाहेर आली. म्हणाली, कांदा.

२१ जुलै
माझं चित्र ग्रुपवर टाकलं. दोन-चार अंगठे. एकानं विचारलं, फ्रेम कुठे करणार?

मग वहिनींनी मेहुण्याचं टाकलं आणि ग्रुपला वेड लागलं. पुढच्या वर्षी सगळ्यांना पट्टीवाला हवाय! अॅडमिननं लिहिलं, या माणसाला आपण सगळे ओळखतो. खरंय, प्रत्येक ठिकाणी एक असतोच.

२६ जुलै
फ्रेमवाल्याकडे गेलो. त्यानं माप घेतलं. त्याच्या टेपवर माझा विश्वास नाही, म्हणून वाकून मी माझ्या पट्टीनं पुन्हा घेतलं. तो माझ्याकडे बघायला लागला, मग भिंतीकडे. भिंतीवर मेहुण्याचं चित्र, तो परवा घरून घेऊन गेला होता ते, फ्रेम होऊन टांगलेलं. एकदम त्यानं आत बायकोला हाक मारली, लवकर बाहेर ये म्हणाला, चित्रातला माणूस आलाय, पट्टीसकट आलाय.

मी काचेत बघितलं. चष्मा तोच. मान तीच. कारखान्यातल्या फोटोत वाकलोय तसाच वाकलेला.

घरी आलो. जेवलो नाही. बायकोनं या वेळी कांद्याचं नाव काढलं नाही.

३ ऑगस्ट, सकाळी
मेळाव्याला जाणार नाही. काळ्या दगडावरची रेघ.

३ ऑगस्ट, संध्याकाळी
गेलो. मास्तरांनी मेहुण्याचंच चित्र निवडलं. मला त्यांनी लांबूनच ओळखलं, फोटो होतेच. हात हातात घेऊन विचारलं, रागावलात? म्हटलं, छे छे. ते म्हणाले, चित्र काढताना इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती. मग लोकांनी मला चित्राशेजारी उभं केलं, पट्टी काढायला लावली, सेल्फीसाठी रांग लावली. दातांचे डॉक्टर तर दोनदा आले.

शाळेत होतो तेव्हापासून मला या माणसाच्या चित्रात जायचं होतं. गेलो. असा गेलो. रडू फुटलं, तर सगळ्यांना वाटलं मी हसतोय.

४ ऑगस्ट
मन मोठं केलं. वहिनींना मेसेज केला, चित्र उत्तम आहे, छापताना कशालाही हात लावू नये. पाठवल्यावर फार हलकं वाटलं. माणसानं असंच असावं.

मग सहज म्हणून चित्र फोनवर मोठं करून बघितलं. ठिगळ उजवीकडे आहे.

आता हे कव्हरवर छापणार. गावभर लोक बघणार की पट्टीवाला केप हातात धरून मोजतोय आणि त्याला एवढी चूक दिसत नाही. माझी काही इज्जत? कळवलं.

वहिनींचं उत्तर लगेच आलं. मास्तर टेबलाखाली गेलेत.