आमचं कुटुंब

आई,

तुला, मला आणि माझ्यापुढं सतरंजीवर बसणाऱ्या सगळ्या बायांना लोक जन्मभर एकच विचारत आले: घर पाहिजे की हक्क? जणू दोन्ही मागणं म्हणजे हावरटपणा. तू गेल्यापासून मी याच प्रश्नावर गावोगाव बोलते आहे. टाळ्या मिळतात. आता टाळ्यांनीही दमायला होतं.

काल चौक गावात सभा होती, एका गॅरेजमागच्या खोलीत. हल्ली मी अमेरिकेतल्या काळ्या बायांचं लिखाण वाचते. त्यांच्या खापरपणज्यांना आफ्रिकेतून धरून नेलं, विकलं. आई एका मालकाकडं, लेकरू दुसऱ्याकडं. त्यांच्यातल्या काही जणी म्हणतात, आमचं घरच आधी मोडलं, म्हणून घर उभं ठेवणं हाच आमचा लढा. आमचे पुरुष आमचे वैरी नाहीत, तेही आमच्यासारखेच भरडलेले आहेत. त्यांना बरोबर घेऊन जाऊ, आणि या विचाराला नाव देऊ तेही आमचं, गोऱ्या बायांकडून उसनं आणलेलं नाही. वाचताना मला सारखी आपली मोहोपाड्याची कामगार कॉलनी दिसत होती. मी आवाज चढवून म्हणाले, "आपल्यालाही असाच कुटुंबकेंद्री विचार हवा! रविवारच्या सभेला आपापल्या माणसांना घेऊन या."

पुढं बसलेल्या म्हातारीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "काय म्हनली गं?"

"कुटुंबाला मधी ठेवा म्हनते."

"म्हंजी बायकोलाच ना? आमचा म्हातारा मला जल्मभर कुटुंबच म्हनायचा. मी कुटुंब, मंग तो कोन गं? पावना?"

सगळी खोली हसली. मीही हसले. आपल्याकडं पुरुषाच्या तोंडी 'आमचं कुटुंब' म्हणजे त्याची बायको, हे मी पुस्तकांच्या नादात विसरलेच होते. कोपऱ्यातली एक जण मात्र हसली नाही. शिवणकाम करते ती. सभा सुटल्यावर जवळ आली, पदरानं ओठाजवळचं काळंनिळं झाकत. "ताई, माझा मानूस येनार असंल तर मी नाय येत. रविवारपातूर बहिनीकडं हाय. तिचा दीर कुरकुरतोय. मंग मी कुठं जाऊ?" आमच्यातली एक तरुण कार्यकर्ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सांगा ना ताई, हिचं कुटुंब कुठलं?" चिडून नाही, खरंच विचारत होती. मी सतरंजी गुंडाळायला घेतली.

परतताना टेंपोत तू आठवलीस. तू भाकरी थापते आहेस. शेजारची काकू आपल्या मोरीपाशी अंग चोरून बसली आहे, सुजलेल्या डोळ्यावर ओलं फडकं धरून. कारखान्याची पाळी संपते, आणि तिचा नवरा थेट आपल्या दारात. "वैनी, आमचं कुटुंब आलंय का हितं?" पिठाचे हात न धुताच तू उठतेस. "आलंय ना. पन आता ती आमचं कुटुंब हाय." तो बाबांकडं बघतो. बाबा उंबऱ्यावर बूट काढत बसलेत, आणि बूट काढून झाले तरी हलत नाहीत. "ती म्हनते तसंच," बाबा म्हणतात. "तू उद्या पाळीला ये, आपुन बोलू. हितं आत नाय यायचं." तो बराच वेळ उभा राहतो आणि जातो. तू माझ्यावर खेकसतेस, "बघतेस काय गं? काकूला ताट घे." ती पावसाळाभर आपल्याकडं राहिली. बाबा बाहेर ओट्यावर झोपले. तिचा नवरा पुढं सुधारला की नाही, मला कळलं नाही. बाबा त्याच्याशी बोलत राहिले एवढं आठवतं.

त्या तरुण पोरीला मी आज फोन केला, ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ताई, असा बाबा प्रत्येकीकडं नसतो." खरं आहे ते. पण नसतो म्हणून मागायचाच नाही का? शिवणकामवालीला निरोप धाडला आहे, रविवारी सामान घेऊन माझ्याकडं ये.

हे तुला पाठवायचं नाहीच, तर सांगून टाकते. मला भीती वाटते गं. तुझ्याजवळ बाबा होते. माझ्या घरात मी एकटी, आणि तिचा नवरा येऊन उभा राहिला तर माइकसमोर चढतो तसा आवाज चढेल का, माहीत नाही. म्हणून रविवारच्या सभेत भाषण नाही. एवढंच म्हणणार आहे: बायांनो, आज घरी जाऊ नका, जे नवरे आले नसतील त्यांनाही फोन करून बोलवून घ्या, आणि सगळे मिळून माझ्या दारात येऊन बसा.