बरी झाले म्हणून सांगितलं

४ मार्च, मंगळवार
बाया आज परत आल्या. सहाजणी. एक पलंगावर बसली ती थेट माझ्या पायावर. प्रार्थना एवढी लांब की तेवढ्यात दोन बादल्या कपडे पिळून वाळत घातले असते. देवाला काय काय सांगतात! माझं वय सांगितलं. छातीतली गाठ कुठल्या बाजूला ते सांगितलं. एकीने उजवी सांगितली. मी डोळे मिटूनच म्हटलं, "डावी." नणंदेने डोळे वटारले असणार. माझे मिटलेले होते म्हणून बरं.

आमच्या चर्चच्या मंडळीची रीतच आहे. कोणी आजारी पडलं की महिला मंडळ रोज संध्याकाळी त्याच्या घरी. ते माणूस रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष देईपर्यंत — बरं झालो, प्रभूची स्तुती. नाहीतर मरेपर्यंत. मधला रस्ता नाही. मला चार महिने झाले. त्यात नणंद मंडळाची प्रमुख. सुटका कसली?

माझं देवाशी भांडण नाही. लहानपणापासूनची ओळख आहे. पण मी कामात असताना बोलते. दोन वाक्यं. त्याला कामं आहेत, मला कामं आहेत.

६ मार्च, गुरुवार
सलाईनमधलं औषध संपलं. सहाही वेळचं. केस गेले, भुवया गेल्या, जिभेची चव गेली. गाठ नाही गेली. आज आंघोळीला चाचपली. लिंबाएवढी होती, लिंबाएवढीच आहे. थोडी मोठीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता मशीनमध्ये फोटो काढू, मग ऑपरेशनचं ठरवू. तारीख महिनाअखेरची.

नवऱ्याला बोलले नाही. तो बहिणीला सांगेल. मग बाया सकाळच्याही यायला लागतील.

९ मार्च, रविवार
केलं एकदाचं!

पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाची साक्ष आहे का?" उभी राहिले. "गाठ गेली. ऑपरेशन नको म्हणाले. प्रभूची स्तुती." बसले. नणंद ढसाढसा रडली. अशी कवटाळली की सलाईनच्या सुईची जागा ठणकायला लागली. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "मला कधी सांगणार होतीस?" म्हटलं, "आत्ता सांगितलं की."

संध्याकाळी कोणी आलं नाही. पाय लांब करून चहा प्यायले.

खोटं बोलले. पण त्यात कुणाचं काय बिघडलं?

११ मार्च, मंगळवार
देवाशी बोलायला गेले. सुचलं नाही काही.

१३ मार्च, गुरुवार
बिघडलं.

कामावर, लॉन्ड्रीत, मी आणि ठेंगणी जोडीने मोठ्या चादरी दुमडतो. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या. दोन टोकं माझ्याकडे, दोन तिच्याकडे. झटका द्यायचा, दुमडायची, चालत पुढे यायचं, टोकं जुळवायची, परत मागे. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येतं ते फक्त टोकं जुळवताना. म्हणजे एका चादरीला एक वाक्य. सहा वर्षं आम्ही असंच बोलतोय. ती आमच्याच मंडळीतली. दोन मुली, धाकटी अजून कडेवर.

पहिली चादर. "ताई, मी एक ठरवलं."

दुसरी. "माझ्या गळ्यातली गाठ. एकवीसला ऑपरेशन होतं ना?"

होतं म्हणजे? चादर घेऊन मीच धावत पुढे गेले. तोंडाशी जाऊन विचारलं, "होतं म्हणजे?"

"रद्द करून आले. तुमची साक्ष ऐकली आणि ठरवलं. तुमची गेली, माझी का नाही जाणार? एकच देव आहे ना दोघींचा?"

"अगं बावळट, डॉक्टर काय म्हणाले होते तुला?"

"उशीर केला तर श्वासाची नळी दाबेल म्हणाले. तुम्हालाही घाबरवलंच होतं की त्यांनी."

लोक म्हणतात माझं तोंड म्हणजे तोफ. तोफेत दारूच नव्हती. मागून सुपरवायझर ओरडला, "चादरी दुमडताय की पाळणा हलवताय?"

१४ मार्च, शुक्रवार
दुपारी चहा पिताना ठेंगणी दर घोटाला मान वर करते. कोंबडीसारखी. आधी लक्षात आलं नव्हतं. आज घोट मोजून बघितले.

एकटीला बाजूला घेऊन सांगावं म्हणते. पण साक्ष सगळ्यांसमोर दिली. एकटीला सांगितलं तर नणंद रविवारी परत माझंच उदाहरण देणार, आणि ही परत तेच धरून बसणार. घाण जिथे केली तिथेच पुसायची.

१६ मार्च, रविवार
उभी राहिले. पाळकसाहेबांनी विचारायच्या आधीच.

"मागच्या रविवारी मी खोटं बोलले. गाठ आहे. होती तेवढीच आहे. रोजच्या प्रार्थनेचा कंटाळा आला होता म्हणून बोलले. कोणी माझं ऐकून ऑपरेशन रद्द केलं असेल तर त्याने उद्याच्या उद्या दवाखान्यात जावं."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. नणंद उभी राहिली. "देवाच्या घरात खोटं!"

"देवाला तेव्हाच कळलं होतं, वन्सं. तुम्हाला आज कळतंय."

पाळकसाहेब भला माणूस. "बसा बाई," एवढंच म्हणाले. मग पुढच्या गीताचा नंबर सांगायला गेले तर त्यांना पानच सापडेना.

दारात कुलूप काढताना नवरा म्हणाला, "मला तरी सांगायचंस." मी नेहमीसारखं तडकन उत्तर देणार होते. त्याने किल्ली माझ्या हातात दिली. मीच उघडलं.

१७ मार्च, सोमवार
वाटलं होतं आज ठेंगणी रागावेल. नाही! हसली.

"ताई, मला कळलं तुम्ही असं का बोललात."

"का?"

पुढच्या चादरीला — "माझी काळजी वाटते म्हणून. मी ऑपरेशन करावं म्हणून बरी झालेली बाई आजारी म्हणवून घेतेय! एवढं कोण करतं?"

डोक्याला हात लावला. खरं बोललेलं खोटं ठरलं, आणि खोटं तिने मनात घट्ट धरलंय. वर मीच मोठी त्यागी! चादर तिथेच टाकली, तिला मनगटाला धरून कपडे बदलायच्या खोलीत नेलं. कडी लावली. ब्लाऊजची बटणं काढली.

"हात दे."

"ताई, काहीतरीच काय!"

"दे म्हणते ना."

तिचा हात घेतला आणि गाठीवर ठेवला. तिचा हात गरम, मशीनमधून निघालेल्या चादरीसारखा.

"लागली?"

हात तिने लगेच काढून घेतला नाही. मग हळूच म्हणाली, "मोठी आहे."

"देवाने माझी नेली नाही. त्याची मर्जी. त्याने डॉक्टर का जन्माला घातलेत ते मला माहीत नाही, पण हौस म्हणून तर नक्की नाही. उद्या जायचं. मी येते."

"तुमचा विश्वास उडाला का, ताई?"

"विश्वास जागेवर आहे. अक्कल गहाण टाकली होती, ती सोडवते."

बटणं तिने लावून दिली. माझी बोटं अजून सुन्न आहेत औषधाने.

१८ मार्च, मंगळवार
दवाखाना. गळ्याचे डॉक्टर ठेंगणीवर उखडले. "तारखा काय झाडाला लागतात?" ती खाली मान घालून उभी. मी म्हटलं, "तिला ओरडू नका. चूक माझी आहे." "तुम्ही कोण?" आता काय सांगणार? म्हटलं, "चादरीच्या दुसऱ्या टोकाला असते मी." त्यांनी रजिस्टर उलटं-सुलटं करून सत्तावीस तारीख दिली. म्हणाले, नऊ दिवस नुसती वाट बघत बसू नका, श्वास अडकला तर लगेच या.

बाया संध्याकाळी आल्या नाहीत. आपल्यालाच हवं होतं.

२७ मार्च, गुरुवार
सकाळी आठला आत नेली. तिचा नवरा मुलींना घेऊन घरी. बाहेर बाकावर मी.

दोन तासांचं म्हणाले होते. साडेतीन तास झाले. आत-बाहेर करणाऱ्या परिचारिकेला विचारलं. "चालू आहे." अजून अर्धा तास. "चालू आहे." बाई, मशीनसुद्धा मधे थांबतं!

शेवटी देवाशी बोलले. अठरा दिवसांनी. सरळ बोलले. माझं काय करायचं ते कर. मी खोटं बोलले, तुझ्या घरात बोलले, त्याचं माप माझ्या पदरात घाल. तिच्या नको. तिला मी फसवली, तिने तुला नाही फसवलं.

एवढंच. आमेन म्हणायचं राहिलं, तेवढ्यात दार उघडलं.

२८ मार्च, शुक्रवार
वाचली. गाठ नळीला चिकटायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं थांबली असती तर कठीण होतं. आवाजाच्या नसेला धक्का लागलाय. काही आठवडे आवाज नसेल, मग येईल म्हणतात. मला बघून तिने चादर झटकायची खूण केली. म्हटलं, "पडून राहा गप. सुपरवायझर माझ्याकडून दोघींचं काम काढून घेतोय."

२ एप्रिल, बुधवार
आज माझ्या फोटोचा निकाल आला. पसरलंय. यकृतात आणि पाठीच्या मणक्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कापून उपयोग नाही. नवऱ्याला सोबत नेलं होतं, त्याने माझ्याबरोबरच ऐकलं. वरच्या मजल्यावर ठेंगणीच्या खाटेपाशी गेले आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. रडायला लागली. म्हटलं, "रडू नकोस, टाके तुटतील. प्रार्थना कर माझ्यासाठी." तिने माझा हात धरला, डोळे मिटले. आवाज नाहीच, नुसते ओठ हलत होते. आमेन कुठे म्हणायचं कळेना. ओठ थांबेपर्यंत बसून राहिले.